ज्युदोतील गुडघ्याचे स्नायुबळ आणि पायाच्या दुखापती

गुडघ्याची मदार मुख्यतः दोन स्नायुगटांवर असते. मांडीपुढचा क्वाड्रिसेप्स गुडघा सरळ करतो, मांडीमागचा हॅमस्ट्रिंग तो वाकवतो. पुढचा गट नडगीला पुढे ओढतो, मागचा तिला आवरतो. गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंधही (हाडांना जोडणारा चिवट पट्टा) तेच आवरण्याचे काम करतो. त्यामुळे हॅमस्ट्रिंग कच्चा राहिला की ताण एसीएलवर जातो.

उचीमाता म्हणजे प्रतिस्पर्ध्याची मांडी आतून पायाने उचलून फेकण्याचा डाव; त्यात डाव टाकणारा एका पायावर गिरकी घेतो. ओसोतोगारीत, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा पाय बाहेरच्या बाजूने मागून झाडून पाडण्याच्या डावात, धोका बचाव करणाऱ्याला जास्त : टाच रोवलेली, त्याच पायावर दोघांचा भार, गुडघा जवळपास सरळ आणि धड वळलेले. अशा वेळी गुडघा आतल्या बाजूला मोडतो. सरळ गुडघ्यात हॅमस्ट्रिंगची मागची ओढही तोकडी पडते. ‘कट्’ असा आवाज होऊन काही तासांत गुडघा सुजला, तर एसीएल तुटल्याची शंका घ्यावी. तेल लावून चोळू नये.

स्नायुबळाची मोजणी आयसोकायनेटिक यंत्रावर (सांधा ठरावीक वेगानेच फिरू देणाऱ्या यंत्रावर), बहुधा सेकंदाला 60 अंश वेगाने होते. क्वाड्रिसेप्सचे सांधा फिरवणारे बल (टॉर्क) 200 न्यूटन-मीटर भरले, तर हॅमस्ट्रिंगचे साधारण 120, म्हणजे 60 टक्के, अपेक्षित असते. दोन्ही पायांत 10-15 टक्क्यांहून जास्त फरक असल्यास लक्ष द्यावे. मात्र यंत्रावर खेळाडू बसलेला असतो, पीळ नसतो. नुसत्या या आकड्यांवरून दुखापतीचे भाकीत करता येत नाही. यंत्र नसेल तिथे एका पायावरची लांब उडी मोजतात : प्रत्येक पायाला तीन संधी, आणि कमजोर पायाची उडी दुसऱ्याच्या 90 टक्क्यांपेक्षा कमी नको.

लातूर-परभणीकडच्या तालमीत घडलेल्या मल्लाच्या मांड्या बैठकांनी भरलेल्या असतात. पण बैठकांचा मुख्य भार पुढच्या गटावर पडतो, मागचा मागेच राहतो. त्यासाठी नॉर्डिक व्यायाम करावा : गुडघे टेकायचे, जोडीदाराने घोटे दाबून धरायचे, कंबर न मोडता सावकाश पुढे झुकायचे, तोल सुटला की हातांवर पडायचे. पहिल्या आठवड्यात एकदाच, 5 चे 2 सेट; दुसऱ्यात दोनदा, 6 चे 2. पहिल्याच दिवशी जोर मारला, तर मांड्या दोन-तीन दिवस आखडतात आणि मुले व्यायामच सोडतात.

स्नायू कितीही तयार असले तरी मॅटकडे दुर्लक्ष चालत नाही. मराठवाड्यातल्या एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याखाली घामाने मॅट निसरडी होते, म्हणून फडके हाताशी हवे. त्याहून वाईट म्हणजे दोन मॅटमधला उघडलेला सांधा : पायाचे बोट त्यात अडकते, पाऊल जागेवर राहते आणि गुडघा फिरतो.