अपंगत्वाच्या दाखल्यावर 40 टक्के, म्हणून कमाईही 40 टक्केच गेली?

"दाखल्यावर जितके टक्के, तितक्याच टक्क्यांची भरपाई" हा निरोप मोटार अपघातात जखमी झालेल्यांच्या भरपाईबद्दल गावोगाव फिरतो. ऐकायला सरळ वाटतो, पण खरा नाही.

दाखला शरीराचं सांगतो, कमाईचं नाही. त्यातही 40 टक्के कशाचे? बहुतेकदा फक्त त्या पायाचे किंवा हाताचे. दाखल्यात अवयवाचं नाव लिहिलेलं असतं. आधी ती ओळ वाचा.

मग प्रश्न कामाचा. रावेरकडे केळीचे घड वाहणाऱ्याचा गुडघा वाकेनासा झाला, तर त्याचा धंदाच बसतो. तसाच गुडघा घेऊन जळगावातला हिशेबनीस खुर्चीवर बसून पूर्वीइतकं कमावू शकतो. टक्के तेच, नुकसान वेगळं. म्हणून भरपाई ठरवणारं मोटार अपघात न्यायाधिकरण, जखमी माणूस आधी काय काम करत होता, आता काय जमतं, दुसरं काही जमेल का, हे पाहून कमाईची घट वेगळी ठरवतं. ती दाखल्यापेक्षा जास्त निघू शकते, कमीही.

आकडाच बघा. वय 38, महिना 12,000. या वयाला गुणक (वर्षाच्या कमाईतली घट ज्याने गुणतात तो आकडा) 15. घट 40 टक्के धरली तर 8,64,000. 80 धरली तर 17,28,000. (औषधपाण्याचा खर्च वेगळाच.)

तेव्हा डॉक्टरांना टक्क्यांसोबत हेही विचारा: ओझं उचलता येईल का, उकिडवं बसता येईल का, किती वेळ उभं राहता येईल?