टाचेमागची गाठ

काका हृदयविकाराच्या झटक्यानं गेले तेव्हा ४६ वर्षांचे होते. कोल्हापुरात गंगावेशीत घर, पहाटे तालीम, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. रक्षाविसर्जनाला जमलेली माणसं एकच बोलत होती, "तांबड्या रश्श्यानं घात केला बघा." त्यांच्या दोन्ही टाचांमागच्या धोंडशिरेवर बोराएवढ्या टणक गाठी होत्या. हौद्यातल्या मातीत घासून झाल्या असतील, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो.

या गाठींची गोष्ट जुनी आहे. नॉर्वेतल्या कार्ल म्युलर यांनी १९३८च्या सुमारास दाखवून दिलं, की अशा गाठी, वाढलेलं कोलेस्टेरॉल आणि ऐन उमेदीतला हृदयविकार ही तिन्ही दुखणी काही घराण्यांत एकत्रच पिढ्यान्‌पिढ्या उतरतात. कारण कळायला १९७३ उजाडलं. अमेरिकेत डॅलसला मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी अशा रुग्णांच्या कातडीतल्या पेशी वाढवून पाहिल्या. रक्तातलं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, पकडून आत ओढणारे रिसेप्टर निरोगी पेशींवर असतात. सर्वांत गंभीर रुग्णांच्या पेशींवर ते कामच करत नव्हते. आईकडून किंवा वडिलांकडून बिघडलेलं एक जनुक आलं, तरी एलडीएल दुपटीच्या घरात जातं. दोघांकडून आलं, तर शाळकरी वयातच झटका येऊ शकतो. १९८५ला दोघांना नोबेल मिळालं.

मला सगळ्यांत मोलाचं वाटतं ते पुढचं पान. २००३मध्ये फ्रान्समधल्या काही कुटुंबांत पीसीएसके९ हे जनुक सापडलं. ते रिसेप्टर मोडीत काढतं, आणि या घरांत ते जरा जास्तच जोरात होतं. मग डॅलसच्याच हेलन हॉब्ज आणि जोनाथन कोहेन यांनी उलटा शोध घेतला: हे जनुक जन्मतः लुळं असलेल्या माणसांचं काय होतं? २००६मध्ये उत्तर आलं. अशा कृष्णवर्णीय अमेरिकनांचं एलडीएल २८ टक्क्यांनी कमी होतं आणि हृदयविकार तब्बल ८८ टक्क्यांनी. जन्मभर थोडं कमी, याची ताकद एवढी. त्या जनुकापासून बनणारं प्रथिन अडवणारी इंजेक्शनं २०१५मध्ये बाजारात आली.

सगळा दोष कोलेस्टेरॉलचाच, असंही नाही. २००७मध्ये हजारो लोकांचे जीनोम, म्हणजे सगळी आनुवंशिक माहिती, ताडून पाहताना नवव्या गुणसूत्रावरचा एक तुकडा हृदयविकाराशी जोडलेला निघाला. त्याचा ना कोलेस्टेरॉलशी संबंध, ना रक्तदाबाशी. संशय रक्तवाहिनीच्या भिंतीवरच आहे. हे अभ्यास मात्र बहुतेक युरोपीय वंशाच्या लोकांवर झाले. आपल्याकडे झटका लवकर येतो, हे २००४च्या इंटरहार्ट या अनेक देशांतल्या हृदयविकार पाहणीतच दिसलं होतं. तरी दहा हजार भारतीयांच्या जीनोमची माहिती संशोधकांना खुली व्हायला जानेवारी २०२५ लागला.

एवढं वाचल्यावर दिवाळीत चुलतभावाला म्हटलं, "पाय पुढं कर." २६ वर्षांचा पोरगा. टाचेमागं बोट फिरवलं, तर बारीक गाठ हाताला लागली. एलडीएल २३८ निघालं. त्याची गोळी सुरू झाली आहे, आणि डॉक्टरांनी त्याच्या बहिणीलाही तपासायला बोलावलं आहे.