‘मणक्यात गॅप’ आलाय, मग काम सोडायचं का?

माझा मावसभाऊ चाकणला एका कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून भाग बनवतात तिथे, आहे, मार्चमध्ये त्याची कंबर धरली. एमआरआय काढला, रिपोर्टमध्ये दोन ठिकाणी डिस्क बल्ज, म्हणजे मणक्यांमधल्या गादीला फुगवटा, आणि घरात एकच वाक्य सुरू झालं, मणक्यात गॅप आलाय. डॉक्टरांनी आराम सांगितला, कंपनी म्हणाली शंभर टक्के फिट सर्टिफिकेट आणल्याशिवाय कामावर घेणार नाही, आणि शेजारच्या काकूंनी पायाळू माणसाची लाथ कमरेला मारून घ्यायला सांगितलं. साधी उसण बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप कमी होते आणि नाव पायाळूचं होतं, चुंबकाच्या पट्ट्याचंही तसंच, त्यावर पैसे घालवू नका.

आधी गॅपचं बघू. वयाप्रमाणे गादी सुकते, चपटी होते, म्हणजे मणक्यांमधलं अंतर उलट कमी होतं. आणि १९९४ मध्ये अमेरिकेत पाठ अजिबात न दुखणाऱ्या ९८ जणांचे एमआरआय काढले तर ५२ टक्के लोकांच्या निदान एका गादीला फुगवटा होता! (पायातली ताकद जात असेल, लघवीवरचा ताबा सुटत असेल तर मात्र थांबू नका, लगेच हॉस्पिटल गाठा.)

खरा प्रश्न आहे कामावर परत कसं जायचं. इथे दोन प्रकारची माणसं लागतात. एक कारखान्याचा डॉक्टर, ओएचसीमधला म्हणजे कारखान्यातल्या दवाखान्यातला, त्याला मशीन माहीत असते पण त्याच्या हातात बहुतेक वेळा फिट की अनफिट एवढा शिक्काच असतो. दुसरे पुनर्वसनवाले, म्हणजे फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं पुन्हा जमवून देणारे), व्होकेशनल काउन्सेलर (नोकरीवर परतायला मदत करणारे), यांना माणूस माहीत असतो पण त्यांनी शॉप फ्लोअर पाहिलेलं नसतं. हे दोघं एकमेकांशी बोलतच नाहीत.

कॅनडात क्युबेकमधल्या शेरब्रूकला पॅट्रिक लॉइझेल यांच्या टीमने हे दोघांना एकत्र आणून बघितलं, निष्कर्ष १९९७ मध्ये छापले. पाठदुखीमुळे चार आठवड्यांहून जास्त रजेवर असलेले १३० कामगार, चार गट: नेहमीचे उपचार, फक्त कामाच्या जागेवर बदल, फक्त पुनर्वसन, आणि दोन्ही. नेहमीच्या उपचारापेक्षा दोन्ही एकत्र मिळालेल्या गटाचा कामावर परतायचा वेग २.४१ पट होता, आणि यातला मोठा वाटा गोळ्यांचा किंवा व्यायामाचा नव्हता, कामाच्या जागेवर केलेल्या बदलांचा होता.

असं का होतं, हा भाग मला फार आवडतो म्हणून जरा सविस्तर सांगतो. समजा १२ किलोची बिन, म्हणजे सुट्या भागांची पेटी, शरीरापासून अर्धा मीटर पुढे धरली. तिचं वजन कमरेला पुढे वाकवतं, टॉर्क, म्हणजे वळवणारा जोर, झाला १२ × ९.८ × ०.५, म्हणजे साधारण ५९ न्यूटन-मीटर. हे तोलायचं पाठीच्या स्नायूंनी, आणि ते गादीच्या मध्यापासून फक्त ५ सेंटिमीटर मागे असतात. म्हणजे ०.०५ ने भागा, जवळजवळ ११८० न्यूटन, १२० किलो वजनाएवढा जोर, आणि यात वाकलेल्या धडाचं वजन धरलेलंच नाही. आता तीच बिन टेबलावर ठेवली आणि २५ सेंटिमीटरवरून उचलली तर बिनचा भार सरळ निम्मा. टेबल केवढ्याचं असतं?

दुसरी बाजू माणसाची. आपण सांगतो ‘दुखलं की थांब’. दुखणं आलं की लगेच विश्रांती मिळते, मेंदूला ते बक्षीस वाटतं, शिवाय वाकलं की काहीतरी तुटेल ही भीती खोटी ठरायची संधीच मिळत नाही, हालचाल घटते, स्नायू ढिले पडतात आणि पुढच्या आठवड्यात त्याहून लवकर दुखतं. म्हणून वेळेच्या हिशेबाने वाढवायचं. तीन दिवस दुखेपर्यंत चाला, १०, १४, १२ मिनिटं झाली तर सरासरी १२, सुरुवात त्याहून थोडी खाली, ९ पासून, आणि मग ठरल्याप्रमाणे वाढ. बऱ्या दिवशी जास्त नाही, वाईट दिवशी कमी नाही. स्वीडनमध्ये गोथेनबर्गच्या व्होल्वोत १०३ कामगारांवर, कामाची जागा पाहून, अशाच पद्धतीचा प्रयोग झाला, १९९२ मध्ये छापला, आणि त्या गटातली माणसं लवकर कामावर गेली.

पण वाढवत कुठपर्यंत न्यायचं? किती किलो, किती उंचीवरून, शिफ्टमध्ये किती वेळा, हे आकडे फक्त कारखान्याकडे असतात, तिथेच दोघांची गाठ पडायला हवी. नेदरलँड्समध्ये २०१० मध्ये जुनाट पाठदुखीच्या १३४ जणांवर असं एकत्रित काम केलं, टिकून कामावर परतायला या गटाला मध्यक (म्हणजे निम्म्या लोकांना लागलेला वेळ) ८८ दिवस लागले आणि नेहमीचे उपचार मिळालेल्या गटाला २०८. दुखण्याच्या तीव्रतेत मात्र दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता! म्हणजे दुखणं पूर्ण जाईपर्यंत थांबायची गरजच नव्हती, आणि आपली ‘शंभर टक्के फिट’ची अट नेमकी तेच मागते.

आपल्याकडे मुंबईत शीवला कारखान्यातल्या सुरक्षितता-आरोग्यावर काम करणारं केंद्रीय श्रम संस्थान आहे, हाजी अलीला पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था १९५५ पासून आहे, दोन्हींचं ज्ञान एकाच शहरात, पण एका कामगाराच्या फाइलवर दोघांचे शेरे एकत्र आलेले मी तरी पाहिले नाहीत.

मावसभावाने शेवटी मित्राला सांगून बिनची उंची टेपने मोजून घेतली, जमिनीपासून ३४ सेंटिमीटर, शिफ्टला साधारण दोनशे उचली. तो कागद फिजिओबाईंनी भिंतीला चिकटवलाय, सध्या भाऊ ८ किलो उचलण्यापर्यंत आलाय. ओएचसीच्या डॉक्टरांना फिजिओबाईंचा नंबर दिलाय, सोमवारी दोघं पहिल्यांदा बोलणार आहेत.