धाकट्या ओपेनहायमरचं संग्रहालय

रॉबर्ट ओपेनहायमर आता आपल्याकडे घरोघरी माहीत झाला आहे. त्याचा आठ वर्षांनी धाकटा भाऊ फ्रँक मात्र मागेच राहिला. तोही भौतिकशास्त्रज्ञ होता, अणुबाँबच्या प्रकल्पातही होता. १६ जुलै १९४५ ला न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पहिला चाचणीस्फोट झाला, तेव्हा तो तिथे हजर होता. तरुणपणी कम्युनिस्ट पक्षाचा सभासद असल्याचं प्रकरण १९४९ मध्ये त्याच्या अंगाशी आलं. मिनेसोटा विद्यापीठातली नोकरी गेली आणि देशातल्या सगळ्याच विद्यापीठांची दारं बंद झाली. वडिलांकडून आलेलं व्हॅन गॉगचं एक चित्र विकून त्यानं कोलोरॅडोत कुरणं घेतली आणि पुढची काही वर्षं गुरं राखली.

१९५७ मध्ये पगोसा स्प्रिंग्ज या गावच्या शाळेनं त्याला विज्ञान शिकवायला घेतलं. शाळेत प्रयोगाचं सामान म्हणावं असं फारसं काही नव्हतं. मग हा मास्तर पोरांना घेऊन गावाच्या कचरा डेपोवर जायचा. तिथली मोडकी यंत्रं उघडून उष्णता, वीज, गती शिकवायचा. सॅन फ्रान्सिस्कोतल्या ‘एक्सप्लोरेटोरियम’चा, म्हणजे त्यानं पुढे उघडलेल्या विज्ञान संग्रहालयाचा पाया मला तरी या भंगारातच दिसतो. पुढे कोलोरॅडो विद्यापीठात त्यानं विद्यार्थ्यांसाठी ‘प्रयोगांचं ग्रंथालय’ उभारलं. १९६५ मध्ये युरोपात असताना पॅरिस, म्युनिक, लंडनची विज्ञान संग्रहालयं बारकाईनं पाहिली. आणि १९६९ मध्ये स्वतःचं संग्रहालय उघडलं.

जागा मिळाली ती ‘पॅलेस ऑफ फाइन आर्ट्स’ची. १९१५ च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेली ही वास्तू काही महिनेच टिकावी अशा बेतानं उभी केली होती. पण शहराला ती पाडवेना, म्हणून १९६० च्या दशकात काँक्रीटमध्ये नव्यानं बांधली गेली. तिच्यामागच्या अवाढव्य रिकाम्या हॉलमध्ये मोजकीच प्रयोगयंत्रं मांडून ओपेनहायमरनं कसलाही समारंभ न करता दार उघडलं. आत गेल्यावर सुरुवातीलाच दिसायची ती कार्यशाळा. ठिणग्या उडताहेत, लेथ चालू आहे, कारागीर पुढचं यंत्र जोडताहेत, आणि हे सगळं लोकांच्या डोळ्यांदेखत.

‘हात लावू नका’ ही पाटी काढून टाकणं तसं सोपं आहे. बऱ्याच ठिकाणी ती काढून बटण बसवतात. पोरगं बटण दाबतं, काहीतरी फिरतं, पोरगं पुढच्या बटणाकडे धावतं. इथे यंत्राची सूत्रं पाहणाऱ्याच्या हाती असतात. एकच उदाहरण घेऊ. पांढऱ्या भिंतीवर लाल, हिरवा आणि निळा असे तीन दिवे रोखलेले आहेत. तिन्हींचा प्रकाश एकमेकांवर पडतो तिथे भिंत पांढरी दिसते. मध्ये हात धरलात की भिंतीवर तीन सावल्या उमटतात, आणि तिन्ही रंगीत! लाल दिवा अडला तिथे हिरवा आणि निळा मिळून फिरोजी. हिरवा अडला तिथे साडीच्या दुकानातला अस्सल राणी कलर. निळा अडला तिथे चक्क पिवळा. हिरवा आणि लाल मिळून पिवळा कसा होईल, हा प्रश्न शाळेत रंगपेटी वापरलेल्या प्रत्येकाला पडतोच. मग माणूस हात पुढे-मागे करतो. दोन सावल्या एकमेकींवर आल्या की तिथे एकच दिवा पोचतो आणि शुद्ध लाल, हिरवा किंवा निळा उमटतो. तिन्ही सावल्या जुळल्या की काळा. घरच्या प्रिंटरमध्ये याच तीन सावल्यांच्या रंगांच्या शाया असतात, कारण प्रत्येक शाई पांढऱ्यातला एकेक रंग गिळते.

अडल्या-नडल्याला मदत करायला नारिंगी जाकिटातली ‘एक्सप्लेनर’ मंडळी असतात. त्यांत शाळा-कॉलेजची मुलंही असतात, आणि ही प्रथा पहिल्यापासूनची. गाईचा डोळा लोकांसमोर कापून दाखवण्याचं कामही त्यांचंच. आपल्याकडे काहींना हे ऐकूनच कसंतरी होईल. पण डोळ्यातलं ते टपोरं, पारदर्शक भिंग वर्तमानपत्रावर ठेवलं की अक्षरं मोठी दिसतात, हे पाहिल्यावर ‘नेत्रभिंग’ हा पुस्तकी शब्द एकदम खरा होतो. याशिवाय एक ‘टॅक्टाइल डोम’ आहे, १९७१ चा. आत मिट्ट काळोख. नुसत्या स्पर्शावर सरपटत, चाचपडत बाहेर यायचं. आणि सगळ्यात खट्याळ चीज म्हणजे शौचकूपाच्या भांड्यातून केलेलं पिण्याच्या पाण्याचं कारंजं. भांडं कोरं करकरीत, पाणी स्वच्छ. हे माहीत असूनही ओठ पुढे न्यायला माणूस कचरतो, आणि तो कचरणारा मेंदूच तिथे मांडलेला प्रयोग आहे.

ओपेनहायमर १९८५ मध्ये गेला. एप्रिल २०१३ मध्ये संग्रहालय बंदरावरच्या ‘पिअर १५’ या धक्क्यावर हललं. तिथे इमारत गार-गरम ठेवायलाही खाडीचंच पाणी वापरतात. पण संग्रहालयाचा खरा प्रसार झाला तो एका वेगळ्याच औदार्यामुळे. १९७० च्या दशकात या लोकांनी आपल्या यंत्रांच्या कृती चक्क ‘कुकबुक’ या नावानं छापल्या. काय सामान लागतं, ते कसं जोडायचं, कुठे बिघडतं, सगळं त्यात लिहिलेलं. पेटंट वगैरे भानगड नाही. ज्याला हवं त्यानं बनवावं. जगभरच्या विज्ञान केंद्रांनी त्यावरून यंत्रं बनवलीही.

आता दर गुरुवारी संध्याकाळी तिथे फक्त अठरा वर्षांवरच्यांना प्रवेश असतो. त्या दिवशी यंत्रांपुढची सगळी गर्दी मोठ्यांचीच, आणि ‘मुलांसाठी आलोय’ म्हणायची सोय नाही.