ॲल्युमिनियम पाइप मापाला कापून आणू नका

उद्यमबाग, मच्छे, खानापूर, निपाणीकडून आमच्याकडे फ्रिक्शन वेल्डिंगला येणारे बरेच पाइप ड्रॉइंगच्या मापाला कापूनच येतात. पाठवणाऱ्याला वाटतं, काम सोपं करून दिलं. खरं तर तो जॉब तिथेच आखूड झालेला असतो.

एक पाइप चकमध्ये फिरतो, दुसरा क्लॅम्पमध्ये धरून त्यावर दाबला जातो. घासून तोंडं मऊ झाली की फिरणं थांबवून वाढीव दाब देतो आणि जोड बसतो. धातू वितळत नाही, फिलर लागत नाही. पण मऊ झालेला माल आतबाहेर वळून त्याची कॉलर होते, आणि ती तुमच्याच पाइपच्या लांबीतून येते. किती मिलीमीटर जातील हे व्यास, जाडी आणि ग्रेडवर ठरतं. म्हणून आम्ही फोनवर आकडा देत नाही, तुमच्याच मालाचा ट्रायल पीस चालवून सांगतो. त्याचे वेगळे पैसे का, असं विचारलं जातं. त्या एका तुकड्यावर अख्ख्या लॉटचं कटिंग ठरतं, म्हणून.

कॉलर आली याचा अर्थ काम बिघडलं असा नाही. ॲल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा पापुद्रा तिच्याबरोबरच बाहेर पडतो. ॲनोडाइज केलेल्या, म्हणजे विजेच्या प्रक्रियेने ऑक्साइडचा थर वाढवलेल्या, तोंडावर हा थर जाड आणि कडक असतो, तो जोडात अडकतो. तेव्हा ॲनोडायझिंग नंतरच करा. पाइपमधून तेल जाणार असेल तर आतली कॉलर काढायची का, तेही आधी सांगा.

“फिलरच नाही, मग जोड टिकेल का?” नीट बसलेला जोड ओढून तोडला तर तो सहसा जोडाच्या रेषेवर सुटत नाही, शेजारच्या तापलेल्या पट्ट्यात तुटतो. ६०६१-टी६ या ॲल्युमिनियम ग्रेडची ताकद हीट ट्रीटमेंटची असते, उष्णता लागली की तेवढ्या जागेत ती उतरते. मूळ पाइप साधारण ३१० मेगापास्कलचा. आर्गन वेल्डिंगने जोडून तसाच वापरला तर डिझाइनला १६५ च्या आसपास धरतात. फ्रिक्शनमध्ये ताप थोडाच वेळ लागतो, त्यामुळे हा पट्टा अरुंद राहतो. तरीही मूळची पूर्ण ताकद मिळेल असं आम्ही लिहून देत नाही. ती हवी असेल तर जोडानंतर सुमारे ५३० अंश सेल्सिअसला तापवून पाण्यात क्वेंच (झटकन थंड करणं), मग १७५ च्या आसपास ८ तास धरून ठेवून एजिंग करावं लागतं. क्वेंचमध्ये लांब पाइप वाकतो, म्हणून हेही कटिंगच्या आधीच ठरवायला हवं.

लॉटचा पहिला जोड आम्ही उभा चिरून, पट्टी वाकवून तुमच्यासमोर दाखवतो. असा जोड हातात घेऊन बघाच.

येताना पूर्ण लांबीचा पाइप, ड्रॉइंग आणि ग्रेड आणा. एचई-३० आहे की ६०६१, हे नुसतं बघून कळत नाही. कटिंग आणि फेसिंग (तोंड सपाट करणं) आमच्याच लेथवर होतं. हॅक्सॉने कापलेलं तिरपं तोंड आधी एकाच बाजूने घासतं आणि जोड सरळ रेषेत बसत नाही. माल आधीच कापला असेल तरी घेऊन या, फक्त लांबी थोडी कमी चालेल का हे डिझाइनवाल्यांना विचारून या.