तरंगता बर्फ आणि समुद्राची पातळी

"उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्रावर तरंगणारा बर्फ वितळला, की समुद्र वर येऊन मुंबई बुडेल," असा संदेश जळगाव-धुळ्याकडच्या ग्रुपांमध्ये वर्षानुवर्षे फिरतो. समुद्राची पातळी वाढते आहे, हे खरेच आहे; कारण मात्र चुकीचे सांगितले जाते.

तरंगणाऱ्या बर्फाने स्वतःच्या वजनाइतके पाणी आधीच बाजूला सारलेले असते, त्यामुळे तो वितळल्यावर होणारे पाणी जवळपास तेवढीच जागा भरून काढते. (समुद्राचे पाणी खारट असल्याने किंचित वाढ होते, पण ती नगण्य असते.) याचा पडताळा घरीच घेता येतो. काचेच्या पेल्यातील पाण्यात बर्फाचे खडे तरंगत ठेवा आणि पातळीवर पेनाने खूण करा. खानदेशातल्या मे महिन्यात ते वितळायला फार वेळ लागत नाही, आणि पाणी खुणेवरच राहते. दुसऱ्या पेल्यात पाण्याबाहेर डोके राहील असा दगड ठेवून त्यावर बर्फ ठेवला, तर पाणी खुणेच्या वर चढते.

हा दगड म्हणजे ग्रीनलँड आणि अंटार्क्टिका. तिथले हिमस्तर जमिनीवर साचलेले आहेत. एकट्या ग्रीनलँडचा सगळा बर्फ वितळला, तर समुद्र सुमारे ७ मीटर चढेल, अर्थात त्याला अनेक शतके लागतील. तापलेले पाणी प्रसरण पावते, हेही पातळी वाढण्याचे मोठे कारण आहे.

तरंगता बर्फ नाहीसा होणे मात्र मुळीच क्षुल्लक नाही. अलास्कातील शिशमारेफ या इनुपियाक आदिवासींच्या गावाचा किनारा वादळी लाटांपासून वाचवणारा बर्फ आता उशिरा धरतो, जमीन खचत जाते, आणि तिथल्या लोकांनी २००२ मध्येच गाव हलवण्याच्या बाजूने मत दिले होते.