बून घराणे : अमेरिकन सीमाप्रदेशातील वंशशोध

अमेरिकेच्या पश्चिम सीमाप्रदेशात अठराव्या शतकात वसाहत करणारे एक घराणे. शिकारी, वाटाड्या व भूमापक डॅनिएल बून (१७३४–१८२०) हा त्यातील सर्वांत प्रसिद्ध पुरुष. इंग्लंडमधील डेव्हन परगण्यातून पेनसिल्व्हेनियात आलेले हे कुटुंब शंभर वर्षांच्या आत नॉर्थ कॅरोलायना, केंटकी व मिसूरीपर्यंत पांगले. डॅनिएलची साहसे अन्यत्र विपुल वर्णिली आहेत. प्रस्तुत नोंदीत वंशावळीची साधने व त्यांतील वाद यांपुरताच विचार केला आहे.

मूळ : डेव्हनमधील ब्रॅडनिंच येथील विणकर तिसरा जॉर्ज बून याच्यापासून घराण्याचा विश्वसनीय इतिहास सुरू होतो. तो १७१७ च्या सुमारास फिलाडेल्फियास उतरला; त्याची काही अपत्ये आधीच पुढे आली होती. कुटुंब क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे; त्याच्या स्थानिक मंडळीला ‘सभा’ म्हणत. स्थलांतर करणाऱ्याला जुन्या गावच्या सभेकडून सद्‌वर्तनाचा दाखला आणावा लागे. जॉर्जने आणलेल्या अशा दाखल्याची नोंद पेनसिल्व्हेनियातील ग्विनेड येथील सभेच्या दप्तरात आढळते. त्याच्या मागच्या दोन पिढ्या मुख्यतः जॉर्जचा नातू जेम्स बून याने १७८८ मध्ये केलेल्या घरगुती टिपणावर आधारलेल्या आहेत. त्याही मागे जाऊन नॉर्मन सरदार द बोहन यांच्याशी नाते जोडण्याचा प्रयत्न काही वंशावळकारांनी केला. त्याला नामसाम्यापलीकडे आधार दिसत नाही; येथे तो ग्राह्य धरलेला नाही.

कालगणनेचा प्रश्न : डॅनिएलची जन्मतारीख काही ग्रंथांत २२ ऑक्टोबर १७३४, तर काहींत २ नोव्हेंबर १७३४ अशी आढळते. दोन्ही बरोबर आहेत. ब्रिटन व त्याच्या वसाहतींत १७५२ पर्यंत ज्यूलियन पंचांग चाले. ते ग्रेगोरियन पंचांगाच्या ११ दिवस मागे होते आणि इंग्लंड व वसाहतींत कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. डॅनिएल स्वतः जुनीच तारीख मानत असे. क्वेकर नोंदींत आणखी एक पेच आहे. देवतांवरून पडलेली महिन्यांची नावे या पंथाला अमान्य असल्याने तेथे केवळ क्रमांक लिहीत. मार्च हा पहिला महिना, म्हणून सातवा महिना सप्टेंबर होतो. डॅनिएलचे आईवडील, सेअरा मॉर्गन व स्क्वायर बून, यांचा विवाह १७२० मध्ये झाला. तो काही वंशावळींत जुलैत, काहींत सप्टेंबरात दाखवला जातो, त्याचे कारण बहुधा हेच असावे. सप्टेंबर अधिक संभाव्य वाटतो. १ जानेवारी ते २४ मार्च या तारखांना दोन वर्षे जोडून लिहिण्याची पद्धत (उदा., १७४३/४४) ध्यानात न आल्यास बाळाचा जन्म आईबापांच्या लग्नाआधीचा ठरू शकतो. ‘स्क्वायर’ हे येथे व्यक्तिनाम आहे, पदवी नव्हे. हेही अनेकांना चकवते.

स्थलांतर व दप्तरे : मुलांनी पंथाबाहेर लग्ने केल्याच्या प्रकरणातून स्क्वायरला १७४८ मध्ये पेनसिल्व्हेनियातील एक्झिटर येथील सभेने बहिष्कृत केले. या वादाची नोंद सभेच्या इतिवृत्तात असल्याने त्या वर्षांतील कुटुंबाची माहिती तुलनेने भरपूर मिळते. १७५० मध्ये कुटुंब निघाले व पुढे नॉर्थ कॅरोलायनातील यॅडकिन नदीच्या खोऱ्यात स्थिरावले. तेथे पंथाची दप्तरे संपतात आणि कागद एकदम विरळ होतात. शिवाय माणसे जागची न हलताही परगणा बदले. डॅनिएलचे जन्मस्थान आज बर्क्स परगण्यात आहे, पण तो परगणा १७५२ मध्ये अस्तित्वात आला. त्याआधीचे कागद फिलाडेल्फिया परगण्याच्या दप्तरात पाहावे लागतात. केंटकी १७७६ च्या अखेरीस व्हर्जिनियाचा एक परगणा झाली, १७८० मध्ये तिचे तीन परगणे झाले आणि १७९२ मध्ये ती स्वतंत्र राज्य बनली. केंटकीच्या १७९० व १८०० च्या जनगणनेच्या याद्या उपलब्ध नाहीत. त्यांची उणीव कर-याद्यांवरून भरून काढतात.

खरी खाण जमिनीच्या खटल्यांत आहे. व्हर्जिनियाच्या १७७९ च्या कायद्याने १ जानेवारी १७७८ पूर्वी वस्ती केलेल्यास ४०० एकर जमीन मिळे व लगतच्या १,००० एकरांवर अग्रहक्क (इतरांच्या आधी विकत घेण्याचा हक्क) असे. मोजणी झाडे, ओढे व खडक यांच्या खुणांनी होई, त्यामुळे एकाच जमिनीवर तीन-तीन दावे चढत. त्यांतून जे कज्जे उभे राहिले त्यांत म्हाताऱ्या वसाहतकारांच्या शपथेवरील जबान्या घेतल्या गेल्या : कोणाचा तळ कोठे होता, मका कोणी पेरला, कोण कोणाचा जावई. डॅनिएलनेही अशा जबान्या दिल्या. त्याने स्वतः केंटकीतील जमिनी गमावल्या; वंशशोधकांचा मात्र त्यात लाभ झाला.

नाती : घराण्यात जॉर्ज, स्क्वायर, डॅनिएल, सेअरा हीच नावे पिढ्यानपिढ्या फिरतात. बून व ब्रायन घराण्यांत साटेलोट्यासारखे संबंध होते; डॅनिएलची पत्नी रिबेका ब्रायन (विवाह १७५६) हिची बहीण मार्था डॅनिएलचा भाऊ एडवर्ड याला दिलेली होती. इंग्रजीतील ‘कझिन’ चुलत, आते, मामे व मावस या चारही नात्यांना लागू पडतो, आणि त्या काळी पुतण्या-भाच्यालाही लावला जाई. मराठी वाचकाला हा गोंधळ अनाकलनीय वाटेल. डॅनिएलची चुलत बहीण अ‍ॅन हिचा पती अब्राहम लिंकन हा याच नावाच्या राष्ट्राध्यक्षांच्या पणजोबांचा सावत्र भाऊ होता.

डॅनिएल व रिबेका यांना दहा अपत्ये झाली. त्यांतील जेमायमा (जन्म १७६२) ही डॅनिएल घरापासून दूर असताना झालेली एडवर्डची मुलगी असल्याची दंतकथा आहे. सीमाप्रदेशाच्या इतिहासाची साधने जमवणारा लायमन ड्रेपर (१८१५–९१) याच्या संग्रहात या दंतकथेचे उल्लेख सापडतात. त्याने १८५१ मध्ये डॅनिएलचा धाकटा मुलगा नेथन व सून ऑलिव्ह यांची दीर्घ मुलाखत घेतली; हे कागद विस्कॉन्सिन येथे जतन केलेले आहेत. दंतकथेच्या पाठभेदांत डॅनिएलच्या अनुपस्थितीचा काळ जुळत नाही. त्यामुळे अभ्यासकांत एकमत नसले तरी ती वगळणेच सयुक्तिक ठरते. ‘डी. बून’ असे कोरलेल्या झाडांबाबतही सावधगिरी हवी : त्यांवर बहुधा शेवटचे ‘ई’ नसते, डॅनिएलच्या सह्यांत ते असते.

मिसूरीत १७९९ नंतरच्या पहिल्या काही वर्षांच्या नोंदी स्पॅनिश अमलातील आहेत. डॅनिएलचे दफन तेथेच झाले. १८४५ मध्ये अस्थी फ्रँकफर्ट (केंटकी) येथे नेल्या. त्या त्याच्याच होत्या की नाही याबद्दल मिसूरीत शंका घेतली जाते.

घरातील गुलामांची वंशावळ जवळजवळ लावताच येत नाही; १८५० व १८६० च्या जनगणनेतील गुलामांच्या स्वतंत्र याद्यांत सामान्यतः वय, लिंग व वर्ण एवढेच आढळते. डॅनिएलचा थोरला मुलगा जेम्स १० ऑक्टोबर १७७३ रोजी मारला गेला. त्या हल्ल्याची माहिती लपून बचावलेल्या अ‍ॅडम या गुलामाकडून मिळाली. त्याचे आडनाव नोंदलेले नाही.